एका क्वेकर घराण्याचा पत्रसंचय

साजगावला बोंबल्या विठोबाची कार्तिकी यात्रा भरली, की खोपोलीच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. अशाच एका यात्रेच्या दिवसांत तेथील एका ख्रिस्ती घरी गेलो होतो. टाटांच्या वीजगृहातील नोकरीसाठी वसईहून आलेल्या पूर्वजांचे ते घर. आजीबाईंनी पत्र्याची पेटी उघडून दाखविली. आत पत्रांचे गठ्ठे आणि पिवळी पडलेली छायाचित्रे. “फादर, मुलं म्हणतात, हे सगळं जाळून टाकू या.”

मला इंग्लंडमधील अलेक्झांडर घराणे आठवले. हे लोक क्वेकर. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून निघालेला हा पंथ मौनात उपासना करतो आणि युद्ध निषिद्ध मानतो. त्यांच्या मूळ परंपरेत धर्मगुरू नाही; माझ्यासारख्याला तेथे कामच उरले नसते!

जोसेफ गंड्री अलेक्झांडर हे वकील. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापाराविरुद्ध झटणाऱ्या संस्थेचे ते चिटणीस होते. १८९३ साली शाही अफू आयोगाच्या चौकशीनिमित्त ते हिंदुस्थानात आले. १८९५ च्या अहवालात आयोगाने कौल दिला तो मात्र सरकारच्या बाजूने. जोसेफ यांनी काम सोडले नाही.

पहिल्या महायुद्धाने या घराची परीक्षा पाहिली. धाकटा मुलगा हॉरेस याने सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर सैन्यात गेला आणि १९१७ साली फ्लँडर्सच्या रणभूमीवर पडला. पुढच्याच वर्षी वडीलही निवर्तले. कोणता मुलगा बरोबर होता, हे ठरविण्याचे धाडस मी करणार नाही.

१९२० साली हॉरेस यांनी वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. असे चरित्र घरातील कागदपत्रे जपल्यावाचून लिहिता येत नाही. आणि पुढे काय घडले पाहा: १९२७ साली तोच अफूचा प्रश्न घेऊन मुलगा हिंदुस्थानात आला. १९२८ च्या मार्चमध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि आयुष्यभराचा स्नेह जडला. १९४२ च्या उन्हाळ्यात ते आपल्या वर्ध्याजवळील सेवाग्रामी गांधीजींना भेटले. स्वातंत्र्याच्या दिवशी कलकत्त्यात त्यांच्यासोबतच होते. गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रे आज समग्र वाङ्‌मयात वाचावयास मिळतात. आयोगाचे जाडजूड खंड सरकारने छापले म्हणून टिकले. या घरची बाजू टिकली, कारण कोणीतरी कागद फेकले नाहीत.

साजगावच्या पेटीतील एका छायाचित्रात वीजगृहाच्या प्रचंड नळांपुढे बारा माणसे उभी आहेत. मागे एकही नाव नाही. आजीबाईंनी चष्मा पुसून पाच जणांची नावे सांगितली. मी ती पेन्सिलीने लिहून घेतली. सहाव्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “उद्या या फादर, रात्री आठवेल.”