बंद घरातला वास

आमच्या गटातल्या सात जणींकडे शहरातल्या लोकांच्या घरांच्या किल्ल्या आहेत. कुणाकडे नदीकाठचा बंगला, कुणाकडे फार्महाऊस, कुणाकडे मुंबईला स्थायिक झालेल्यांचं वडिलोपार्जित घर. मालक मंडळी सणाला, मे महिन्यात येतात. एरवी घर राखायचं काम आमचं. आठवड्यातून दोनदा दार उघडायचं, केर काढायचा, झाडांना पाणी घालायचं. मालक परदेशी गेले तर महिनाभर तिथंच मुक्काम करायचा.

काम चांगलं आहे, पण त्यात एक त्रास आहे आणि तो सांगायची आम्हाला बरेच दिवस लाज वाटत होती. दार उघडलं की वासाचा भपकारा येतो. घाणीचा नाही, सुवासाचा! प्लगला लावलेली डबी, संडासात टांगलेली वडी, कपाटात डांबरगोळ्या, पडद्यांवर मारलेला फवारा. तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. आमच्यातल्या एकीला दमा आहे. तिला तर ओट्यापाशी उभं राहवेना. पण मालकांनी हौसेनं लावलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? सुवासाचा त्रास होतो म्हटलं तर हसतील की काय, ही भीती.

म्हणून आम्ही ठरवलं, हा वास घरात आला कुठून ते आधी समजून घेऊ. तेच आज तुम्हाला सांगतो.

घराला सुवास देणं आपल्याकडे नवीन नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात सुगंध कसे बनवावेत यावर एक प्रकरणच आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यातही धुपाचं वर्णन आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी तर 'गंधवाद' नावाची एक जुनी पोथी उजेडात आणली, आणि तिच्यावर चक्क मराठीत टीका लिहिलेली होती. म्हणजे सुगंधाची विद्या मराठीतही काही शतकं जुनी आहे.

ही झाली राजवाड्यातली आणि पोथीतली गोष्ट. आपल्या आज्यांच्या घरात काय होतं? सारवलेली जमीन, तिन्हीसांजेला धुपाटण्यात ऊद, बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची नि बाळंतशेपाची धुरी, उन्हाळ्यात माठात वाळा. त्या वासाची एक रीत होती. निखारा विझला की वास संपला. शिवाय कौलांच्या फटींतून हवा सतत खेळायची. जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणत नाही. चुलीच्या धुरानं आपल्या किती आयाबायांना कायमचा खोकला लावला, ते आपण पाहिलंय. धूर तो धूरच, उदाचा असो नाहीतर लाकडाचा. पण चोवीस तास बंद खोलीत पाझरत राहणारा वास हा प्रकार तेव्हा नव्हता.

तो आला कसा? या गोष्टीत एक आजार पुन्हा पुन्हा भेटतो. तो म्हणजे हिवताप.

हिवतापाला मलेरिया म्हणतात. हा इटलीतला शब्द, त्याचा अर्थ 'खराब हवा'. एकोणिसाव्या शतकापर्यंत मोठमोठे डॉक्टरही मानायचे की दुर्गंधीनं रोग होतो. म्हणजे वास घालवला की रोग गेला! १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा घरं रिकामी करून जंतुनाशकं फवारली, भिंतींना चुना फासला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पुढच्या वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. दोन्ही रोगांत वास निर्दोष सुटला! पण मनातली गाठ सुटली नाही. छान वास म्हणजे स्वच्छ घर, ही समजूत राहिलीच.

हिवताप दुसऱ्यांदा भेटतो तो लंडनमध्ये. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं औषध, क्विनीन, घरच्या प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. त्यासाठी त्यानं कोळशाच्या डांबरातली रसायनं घेतली. दगडी कोळशापासून दिव्यांसाठी गॅस काढला की खाली हे काळं डांबर उरायचं. त्याला क्विनीन काही जमलं नाही, पण सुंदर जांभळा रंग मिळाला. त्यावर त्यानं कारखाना काढला. पुढे १८६८ मध्ये त्यानंच कुमारिन हा पदार्थ प्रयोगशाळेत बनवला. नुकत्याच कापून वाळवलेल्या गवताचा गोडसर वास असतो ना, तो याचा. गवत नाही, शेत नाही, तरी गवताचा वास!

मग रांगच लागली. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलाचा वास बनवला. १८८८ मध्ये आल्बर्ट बाऊर हा रसायनशास्त्रज्ञ स्फोटकावर काम करत होता, त्याच्या हाती कस्तुरीसारखा वास लागला. तोवर कस्तुरीसाठी हरणं मारली जात, हेही लक्षात ठेवूया. १८९३ मध्ये युरोपातल्या व्हायोलेट फुलाचा वास तयार झाला. त्याला लागणारा सिट्रल हा घटक गवती चहाच्या तेलातून मिळतो. आपल्या परसातला गवती चहा असा परक्या फुलाच्या वासामागे उभा आहे. तेव्हा कृत्रिम ते सगळं विष, असंही नाही. पण पूर्वी महाग होता म्हणून थेंबभर लागणारा वास आता स्वस्त झाला, आणि स्वस्त झाल्यावर तो साबणापासून संडासापर्यंत सगळीकडे गेला.

कपाटातली डांबरगोळी तर आपलं मूळ नावातच सांगते. नॅप्थलीन हे त्याच कोळशाच्या डांबरातून निघतं.

हिवताप तिसऱ्यांदा भेटतो दुसऱ्या महायुद्धात. जंगलात लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना डास छळत होते. गुडह्यू आणि सलिव्हन या दोन सरकारी संशोधकांनी दाबाखाली भरलेला कीटकनाशकाचा डबा तयार केला. खटका दाबला की फवारा. युद्ध संपल्यावर तो डबा घराघरांत शिरला, आणि कीटकनाशकाच्या जागी सुगंधही भरला जाऊ लागला. त्यातला वायू आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो, हे १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, १९८७ मध्ये माँट्रियलला देशादेशांत करार झाला आणि तो वायू हळूहळू बंद झाला. पुढे प्लगची डबी आली. तिच्यात तेलात बुडालेली वात असते, वीज ती तापवते आणि वास रात्रंदिवस सुटत राहतो.

आता एका वेगळ्या वासाची गोष्ट. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. इमारतीखाली गॅस साठला होता आणि त्याला वास नव्हता, म्हणून कुणालाच कळलं नाही. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळायचा कायदा तिथं झाला. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो सडक्या कोबीसारखा वास बाहेरून घातलेला आहे, आपला जीव वाचावा म्हणून.

हे आम्हाला का लागलं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमची एक मैत्रीण एका बंगल्यात शिरली. मोगऱ्याचा भपका इतका होता की दुसरं काही कळेना. खिडक्या उघडून दहा मिनिटं झाल्यावर तिला गॅसचा वास आला. रेग्युलेटर गळत होता. तिनं आत गेल्यावर दिव्याचं बटण दाबलं नव्हतं, हे नशीब. त्या दिवसापासून आमची लाज गेली.

आता आम्ही काय करतो ते ऐका.

बंद घर उघडलं की आधी दारं-खिडक्या, मग बाकी सगळं. बटण नाही, काडी नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, म्हणून दार सताड उघडायचं आणि वाकून वास घ्यायचा. शंका आली तर रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर यायचं आणि १९०६ या मदत क्रमांकावर फोन करायचा.

शंका फिटली की डबी प्लगमधून काढायची, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उभी ठेवायची आणि डबा पडवीत. टाकायची नाही, वस्तू मालकांची आहे. पडदे, उशा उन्हात. वासावर उतारा म्हणून उदबत्ती लावायची नाही, त्यानं दम्याला दुप्पट त्रास होतो.

डांबरगोळ्यांतले कपडे धुऊन, वाळवूनच वापरायचे. तान्ह्या बाळाजवळ तर ते न्यायचेच नाहीत. काही बाळांना त्यानं रक्त कमी होऊन कावीळ होऊ शकते.

आणि मूळ शोधायचं. बंद घरात न्हाणीच्या जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की वास बंद. अशा घरात वडी टांगायची गरजच उरत नाही.

शेवटी बोलायचं. आम्ही गटातर्फे एका मालकीणबाईंना फोन केला. म्हटलं, "वहिनी, तुमच्या घरात वासानं आमच्या मैत्रिणीला दम लागतो." त्या म्हणाल्या, "अगं, मला तर वासच येत नाही!" त्या खोटं बोलत नव्हत्या. नाक एका वासाला लवकर सरावतं, मग तो जाणवत नाही, म्हणून माणूस आणखी वाढवत जातो. हे सांगितल्यावर त्यांनी डबी बंद ठेवायला होकार दिला. त्या येणार असल्या की आम्ही पुन्हा लावतो. दुसऱ्या एका घरी मात्र कुणी ऐकलं नाही. तिथली किल्ली आमच्या दम्याच्या मैत्रिणीनं परत दिली. महिन्याचे पैसे गेले. ते कसे भरून काढायचे हे आम्ही गटात बसून ठरवतोय.

तुमच्या गटातही अशा किल्ल्या असतील. पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा : कुणाचं डोकं दुखतं, आणि कोण सांगायला लाजतंय?