विटंबना झालेल्या जागेवरचे बोटांचे ठसे: ओल्या, चिकट आणि गुळगुळीत वस्तूंवर ते कसे मिळतात?

पुतळ्याची किंवा विहाराची विटंबना झाली की आपली पहिली धाव पाण्याच्या बादलीकडे असते. भावना समजण्यासारखी आहे, पण पुरावाही त्याच पाण्याबरोबर वाहून जातो. आगाशी-अर्नाळ्याच्या किनारपट्टीत तर पावसाळ्यात सगळेच ओले. मग "आता कसले ठसे मिळणार" असे ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे.

बोटाच्या ठशातले बहुतेक पाणी उडून जाते. मागे उरतात घामातली अमिनो आम्ले, क्षार आणि चेहऱ्या-केसांवरून हाताला आलेला तेलकटपणा. यातले काय शिल्लक आहे, यावर रसायन ठरते. धमकीच्या चिठ्ठीसारख्या कोरड्या कागदावर निनहायड्रिन वापरतात. १९५४ पासून हा उपयोग माहीत आहे. अमिनो आम्लांशी क्रिया होऊन जांभळा ठसा उमटतो, कधी कधी कित्येक वर्षांनंतरही. कागद भिजला की अमिनो आम्ले विरघळतात. तेलकट अंश मात्र टिकतो आणि त्यावर चांदीचे सूक्ष्म कण बसवून ठसा काढता येतो. काच, पत्रा, प्लॅस्टिकच्या बाटलीला बंद पेटीत सुपरग्लूची, म्हणजे सायनोॲक्रिलेटची, वाफ देतात. ती रेषांवर पांढरी होऊन घट्ट बसते. हीच वस्तू भिजलेली असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची बारीक पूड डिटर्जंटच्या पाण्यात कालवून फवारतात. सेलोटेपच्या चिकट बाजूसाठी जेन्शियन व्हायोलेट, रक्ताच्या ठशासाठी अमायडो ब्लॅक. खडबडीत दगड-सिमेंटवर फारसे हाती लागत नाही, म्हणून पुतळ्याइतकेच लक्ष शेजारी पडलेल्या रंगाच्या डब्याकडे, पिशवीकडे हवे.

आता कायद्यातली फट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६(३) ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट बंधनकारक करते. राज्यांना त्यासाठी ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात आदरणीय वस्तूच्या विटंबनेला कमाल शिक्षा ५ वर्षे. म्हणजे नुसत्या विटंबनेच्या गुन्ह्यात तज्ज्ञ आपोआप येईलच असे नाही. मागणी लेखी द्या, पोच घ्या.

तोवर वस्तूंना हात लावू नका, पुसू नका. फोटो काढा, पाऊस असेल तर स्पर्श न होता वर ताडपत्री धरा. पंच असाल तर कोणत्या वस्तू जप्त झाल्या ते वाचूनच सही करा. आपल्यापैकी कुणाचा हात आधीच लागला असेल तर पोलिसांना तसे सांगा. ते ठसे वगळण्यासाठी त्याच्या बोटांचे नमुने घेता येतात.