जासूद: हेर की निरोप्या?

१/८
पुणे–नाशिक रस्त्यावरचे चाकण आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. २१ जून १६६० रोजी याच गावातील संग्रामदुर्गाला शाहिस्तेखानाचा वेढा पडला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी हा छोटा भुईकोट ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे ५५ दिवस झुंजवला.

२/८
त्याच पावसाळ्यात, जुलैपर्यंत, शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. वेढ्यातून पत्र बाहेर काढायचे तर ते नेणाऱ्याला शत्रूच्या छावणीतूनच वाट काढावी लागे. जाताना चौक्या, तोफा आणि फौजेचा अदमास त्याच्या नजरेतून सुटत नसे. निरोप नेणारा आणि बातमी काढणारा हे दोघे अशा वेळी वेगळे राहत नाहीत.

३/८
मराठी कागदपत्रांत या माणसाचे नाव ‘जासूद’. मूळ अरबी शब्द ‘जासूस’ असून त्याच्या धातूचा अर्थ चाचपून पाहणे असा आहे. अरबी-फारसीत तो हेरच राहिला. मराठीत मात्र त्याने रूप बदलले आणि अर्थही विस्तारला: पत्र नेणारा, निरोप पोचवणारा तोही जासूद.

४/८
सभासद बखरीतील बहिर्जी हे याचे उत्तम उदाहरण. १६७९ च्या जालना स्वारीनंतर मोगल फौज पाठीवर असताना आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यापर्यंत सुखरूप नेणारा तो बहिर्जी जासूदच. येथे तो वाटाड्या आहे. मुलुखाची वाट पायाखाली असणे हे या पेशाचे खरे भांडवल होते.

५/८
पेशवाईच्या पत्रव्यवहारात जासुदांची ‘जोडी’ वारंवार भेटते. वाट धोक्याची असे, म्हणून दोघे मिळून निघत. त्यांच्या मजुरीला ‘अजुरा’ म्हणत आणि ठरावीक कामगिरीवर मजुरीने जाणारा तो ‘अजुरदार’. शेजारी आणखी दोन शब्द नांदत होते: ‘हरकारा’, म्हणजे शब्दशः हरकाम्या, आणि ‘कासीद’, म्हणजे एखादे ठिकाण मनाशी धरून निघालेला.

६/८
१७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने यमुना ओलांडली. भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्यामध्ये त्याची फौज आली आणि पत्रांची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता नानासाहेबांना कशी कळली, ते ग्रँट डफने लिहिले आहे. सराफांनी एक कासीद पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीवर धाडला होता. तो नर्मदेजवळ पेशव्यांच्या छावणीत आला आणि त्याचे पत्र उघडण्यात आले. आत मोती, मोहरा आणि चांदी-तांब्याच्या सांकेतिक भाषेत मृतांचा हिशेब होता. राज्याचे टपाल थांबले, तेव्हा सराफांचे चालत होते.

७/८
पुढे सरकारी टपाल, तारायंत्र आणि रेल्वे आली. जासुदाचे काम संपले आणि शब्दही बोलण्यातून गेला. नंतर हिंदी चित्रपट आणि रहस्यकथांतून ‘जासूस’ घरोघरी पोचला, तो केवळ हेर म्हणून. परिणामी आजचा वाचक जुन्या पत्रात ‘जासूद’ पाहतो आणि प्रत्येक वेळी गुप्तहेराची कल्पना करतो. साध्या पत्रप्रेषणाचे कारस्थान होते, ते असे.

८/८
म्हणून जुना कागद वाचताना शब्दाच्या आजूबाजूला पाहावे. जोडी, अजुरा, पत्र, रवानगी, जबाब हे शब्द दिसले तर तो बहुधा निरोप्या. शत्रूच्या गोटातील बातमी आणल्याचा उल्लेख असेल तर हेर. कधी दोन्ही खुणा एकाच वाक्यात सापडतील. तेव्हा निवड करू नये. ज्यांनी तो शब्द लिहिला, त्यांनीही ती केली नव्हती.