शेळीचे दूध

दिवाळी आली, की आमच्या देवनारात घरोघर एखादा तरी निश्चयी पुरुष निघतो. 'यंदा करंजीला शिवणार नाही' ही त्याची प्रतिज्ञा; भाऊबीजेपर्यंत डबा रिकामा! मला अशा वेळी गांधीजी आठवतात.

निग्रहात त्यांची बरोबरी कोण करील? १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात पोट बिघडले, तेव्हा दुपारी काही खायचे नाही असे ठरविले. पण दिवस सणाचा. कस्तुरबांनी तेलातली गोड लापशी केलेली. त्यांच्या समाधानापुरते चाखू म्हणून बसले आणि पोटभर जेवले! तासाभरात आमांशाने गाठले.

असे का व्हावे? औषध घेताना माकड आठवू नये, ही गोष्ट आपण जाणतोच. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रयोगाने तेच दाखविले. पांढरे अस्वल मनात आणू नका म्हटले, की तेच पुन्हापुन्हा येते. वर्ज्य पदार्थाचेही तसेच असावे.

पुढे दुखणे जिवावर आले. माथेरानही मानवले नाही. १९१९ साली मुंबईत डॉ. दलालांनी सांगितले, दुधाशिवाय शरीर सावरणार नाही. व्रत आडवे आले. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत?

व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही खंत गांधीजींनी आत्मकथेत नोंदली आहे. मला मात्र कस्तुरबांचे शहाणपण मोठे वाटते. ते शेळीचे दूध त्यांच्या आहारात अखेरपर्यंत, १९४८ पर्यंत राहिले.