सर्पगंधा, स्वीडनचे ससे आणि कंपवाताची गोळी

हात थरथरतो, चाल मंदावते, सदऱ्याची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. अशा कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला डॉक्टर बहुतेक वेळा लेव्होडोपाची गोळी लिहून देतात. गोळी लागू पडली की अंग मोकळं होतं आणि तोच माणूस उठून चालू लागतो. या गोळीचा माग काढत गेलं तर वाट स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, तिथल्या सशांपाशी पोचते. आणि त्यांच्याही मागे आपल्याकडची सर्पगंधा आहे.

सर्पगंधेचं मूळ वैद्य मंडळी झोप न येणं, वेड लागणं यांवर पूर्वापार देत आली. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिने रक्तदाबही उतरतो, असं लिहून ठेवलं. पण परदेशी डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं: रेसर्पिन. रक्तदाबाबरोबर मनोरुग्णालयांतही ते वापरात आलं. मात्र काही रुग्ण उदास होऊ लागले आणि काहींचं अंग कंपवात झाल्यासारखं ताठरू लागलं. असं का होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आलं की रेसर्पिन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. तिथे काही महिने शिकायला गेलेले स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन परत आल्यावर निल्स-ओके हिलार्प यांच्यासोबत कामाला लागले, तेव्हा नॉरअॅड्रेनालिनचा साठाही जातो असं आढळलं. आता प्रश्न असा की, जनावर मलूल पडतं ते यातल्या नेमक्या कशामुळे?

रेसर्पिन टोचलेला ससा कान पाडून, हालचाल न करता बसून राहतो. त्याच्या स्नायूंना मात्र काही झालेलं नसतं. मायोसिन आणि अॅक्टिन ही दोन प्रथिनं एकमेकांवर सरकली की स्नायू आखडतो. गंमत म्हणजे हे कोडंही सशाच्याच स्नायूंवर बरंचसं उलगडलं होतं, १९४० च्या दशकात हंगेरीतल्या सेगेद इथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे यंत्र शाबूत होतं, वरून हुकूम येत नव्हता.

१९५७ मध्ये कार्लसन, मार्गिट लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी अशा सशांना आणि उंदरांना डोपा टोचलं. थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससे हिंडू लागले. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते द्रव्य देऊन पाहिलं, त्याने काही फरक पडला नाही. मग वाटलं, डोपापासून नॉरअॅड्रेनालिन बनतं, तेच भरून आलं असणार. पण मेंदू काढून मोजणी केली, तर नॉरअॅड्रेनालिनचं खातं रिकामंच. भरलं होतं ते डोपामिनचं.

तोवर डोपामिनला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. नॉरअॅड्रेनालिन तयार होतानाचा अर्धवट माल, एवढीच त्याची किंमत. हिशेब जुळत नाही म्हणून खातं पुन्हा तपासावं आणि त्यात भलताच ऐवज सापडावा, तसा हा प्रकार झाला. डोपामिन हे मेंदूत मुळातच असतं, हे १९५८ मध्ये त्यांनी दाखवलं. पुढच्या वर्षी लुंडमध्येच ते मुख्यतः हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात साठतं, असं दिसलं. कंपवाताशी नातं जुळलं ते इथे.

तरी १९६० च्या लंडनमधल्या बैठकीत ज्येष्ठ मंडळींनी कार्लसन यांचं म्हणणं मानलं नाही. योगायोग असा की त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताने वारलेल्यांचे मेंदू तपासले आणि नेमक्या त्याच भागात डोपामिन फार कमी सापडलं. १९६१ मध्ये रुग्णांना डोपा टोचण्यात आलं. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी ते पोटातून, मोठ्या मात्रेत देऊन दाखवलं. कार्लसन यांना नोबेल मिळालं २००० मध्ये. यात ससे, उंदीर मारले गेले हेही खरं आहे. तेव्हा मेंदूतलं रसायन मोजायला दुसरा मार्ग नव्हता.

डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरायची वाट त्याला बंद असते. लेव्होडोपाला ती खुली आहे, मात्र जेवणातल्या प्रथिनांचे घटकही त्याच दारातून आत जातात. म्हणूनच डाळ, दूध, अंडी किंवा मटणाच्या भरपेट जेवणाबरोबर घेतलेली गोळी काहींना कमी लागू पडते आणि डॉक्टर ती जेवणाआधी घ्यायला सांगतात. गोळी मनानेच एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. भारतीय संशोधकांनी ते १९३७ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे तिची पूड कंपवातावर विकली जाते, पण पुडीत नेमकं किती द्रव्य आहे याचा भरवसा नसतो, आणि डॉक्टरांच्या गोळीत ती भर पडली तर मात्रा बिघडते. सर्पगंधेचं उलट आहे. रक्तदाबाच्या काही आयुर्वेदिक औषधांत ती असते आणि ती मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते. घरात कंपवाताचा रुग्ण असेल आणि तो असं औषध घेत असेल, तर डब्यावरची नावं वाचून ती मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलेली बरी.