रविवर्मा यांचे साक्षीदार

एखाद्या माणसाविषयी आपणांस सारे काही ठाऊक आहे अशी समाजाची समजूत झाली, की त्याचे चरित्र लिहिणे अवघड होऊन बसते. चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या बाबतीत असेच घडले आहे. जन्माने ते केरळातील किळिमानूरचे; परंतु त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती ज्याच्या भिंतीवर कधीच नव्हती असे मराठी घर विरळा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. १८९४ साली मुंबईत निघालेला त्यांचा शिळाछापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. यामुळे रविवर्मा आपल्याला घरचेच वाटतात. आणि घरच्या माणसाविषयी लिहिताना आधार कशाला शोधावयाचा, असेही वाटू लागते.

हा आधाराचा प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे, तो महाजालावरील मुक्त ज्ञानकोशामुळे. विकिपीडियाची मराठी आवृत्ती २००३ साली सुरू झाली. तीत कोणीही लिहावे व कोणीही दुरुस्त करावे, अशी मुभा आहे. केतकरांच्या ज्ञानकोशामागे संपादकाचे नाव आणि त्याची विद्वत्ता उभी होती. येथे लिहिणारा बहुधा अनामिक असतो. साहजिकच सारा भार आधारावर येऊन पडतो. प्रत्येक महत्त्वाचे विधान विश्वसनीय, प्रसिद्ध झालेल्या आणि चरित्रनायकाशी हितसंबंध नसलेल्या लेखनावरून पडताळता आले पाहिजे, ही तेथली मुख्य अट होय. ती अट मान्य करून रविवर्मा यांच्या चरित्राचे साक्षीदार एकेक करून पिंजऱ्यात उभे करू या.

पहिली साक्ष कादंबरीची. मराठी वाचकाच्या मनातील रविवर्मा हे बहुतांशी रणजित देसाई यांच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीतील रविवर्मा आहेत. त्याच कादंबरीच्या आधाराने निघालेला 'रंगरसिया' हा चित्रपट २०१४ साली सर्वत्र दाखविला गेला. त्यात चित्रकार आणि त्याची रूपदर्शिनी यांची प्रीती आहे, अश्लीलतेचा खटलाही आहे. कादंबरीकाराला पात्रे आणि संवाद निर्माण करण्याचा पूर्ण अधिकार असतो आणि तो त्याने गाजविला तर त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या अधिकारामुळेच त्याची कृती चरित्राची साक्ष होऊ शकत नाही. कोशात खटल्याविषयी लिहावयाचे असेल, तर त्या काळची वृत्तपत्रे अथवा न्यायालयाचे दप्तर तपासून कोणी इतिहासकाराने काय लिहिले आहे ते दाखवावे लागेल. पडद्यावर न्यायाधीश दिसला, एवढ्याने खटला सिद्ध होत नाही.

दुसरी साक्ष लोकवार्तेची. गोव्यातील मालपे गावच्या थोर गायिका अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) या रविवर्मा यांच्या चित्रांची प्रेरणा होत्या, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. गोमंतकीयांस ही गोष्ट प्रिय वाटावी हे स्वाभाविकच आहे. तिची उलटतपासणी मात्र सोपी आहे. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील स्त्रीवादकांच्या मेळ्याचे प्रसिद्ध चित्र १८८९ चे. त्या वेळी अंजनीबाई सहा वर्षांच्या होत्या. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चित्रांविषयी असे विधान संभवनीय ठरते. त्याआधीच्या प्रसिद्ध चित्रांविषयी ते टिकत नाही. शिवाय ही गोष्ट दहा ठिकाणी छापलेली असली, तरी त्या दहांनी ती एकाच ठिकाणाहून उचलली असेल, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार होय. कित्येकदा तर वृत्तपत्र कोशावरून मजकूर घेते आणि पुढे कोश त्याच वृत्तपत्राचा हवाला देतो. सावली आपल्याच सावलीला टेकून उभी राहावी, तसा हा प्रकार आहे.

तिसरी साक्ष बंधूंची. रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हे स्वतः चित्रकार, त्यांचे सहकारी आणि प्रवासातील सोबती. त्यांची रोजनिशी २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अमुक दिवशी ते दोघे कोठे होते, कोणास भेटले, कोणते चित्र हाती होते, यांविषयी तिच्याइतका जवळचा पुरावा दुर्मिळच. परंतु रविवर्मा किती थोर होते हे ठरविण्यास ती उपयोगी नाही. भावाची साक्ष घटनेपुरती घ्यावी, गौरवासाठी घेऊ नये.

चौथी साक्ष विरोधकांची. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी रविवर्मा यांच्या कलेवर कठोर टीका केली. ती वगळणारा लेख म्हणजे स्तुतिपाठ होईल. तीच अंतिम मानणारा लेख म्हणजे आरोपपत्र होईल. तपती गुहा-ठाकुरता यांचा १९९२ चा आणि पार्थ मित्तर यांचा १९९४ चा ग्रंथ येथे मोलाचा ठरतो. कारण त्यांनी स्तुती व निंदा या दोहोंची कारणे त्या काळाच्या राष्ट्रवादी विचारांत शोधली आहेत.

येथे आम्हां वकिलांस एक कोडे पडते. न्यायालयाला मूळ दस्तऐवज हवा असतो. ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा दंडक. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तो दंडक कायम आहे. उलट हा ज्ञानकोश मूळ रोजनिशीपेक्षा तिच्यावर लिहिणाऱ्या इतिहासकाराला वरचे आसन देतो. वरवर पाहता ही ऐकीव पुराव्याची भलावणच वाटते. पण न्यायालयात मूळ कागदाचा अर्थ लावावयास न्यायाधीश असतो, उलटतपासणीस प्रतिपक्ष असतो. अनामिक लेखकांच्या कोशात यांतले कोणीच नाही. म्हणून जो आपल्या नावानिशी अर्थ लावतो आणि जाणकारांची टीका सोसतो, त्या इतिहासकाराचा निष्कर्ष तेथे घ्यावयाचा. आधारांतच मतभेद असेल, तर दोन्ही बाजू नोंदवावयाच्या. मळवलीचा छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकला गेला, त्याचे वर्ष कोठे १९०१ तर कोठे १९०३ दिलेले असते. अशा वेळी आपल्याला आवडेल ते वर्ष निवडणे हा न्याय नव्हे.

ही नुसती कागदी काटेकोरी आहे असे कोणी समजू नये. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये रविवर्मा यांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या असून त्या परदेशी नेण्यास बंदी आहे. चित्र खरे की बनावट, कोणत्या साली काढले, कोणाकडून कोणाकडे गेले, या प्रश्नांवर लक्षावधी रुपयांचे व्यवहार अवलंबून असतात. आणि चौकशी करणारा माणूस आज पहिल्याने कोशच उघडतो. तेथील एक चुकीचे साल उद्या एखाद्या बनावट चित्राचे जन्मपत्र होऊ शकेल.

रविवर्मा भाग्यवान, त्यांना इतिहासकार मिळाले. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील दरबारांच्या आश्रयाने अथवा गोव्यातील देवळांच्या भिंतींवर ज्यांनी जन्मभर रंगकाम केले, त्यांतील कित्येकांविषयी छापील असे काहीच नाही. छापील आधार नाही म्हणून कोशात नोंद नाही, आणि कोशात नोंद नाही म्हणून पुढच्या पिढीच्या लेखी तो माणूसच नाही! हा दोष कोशाचा नव्हे, आपला आहे. आमच्या समाजाने आठवणी पुष्कळ सांगितल्या, पण सालवार लिहून ठेवल्या नाहीत. बडोद्याच्या आणि पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयांतील जुन्या नियतकालिकांच्या फायली चाळणे, घरातील चित्रामागची सही व तारीख टिपून घेणे, ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याचे नाव तिच्याशेजारी लिहिणे आणि हे सारे नियतकालिकांतून छापून प्रसिद्ध करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. साक्षीदार हयात असेतोवरच साक्ष नोंदवावी लागते, हे न्यायालयात जेवढे खरे, तेवढेच इतिहासातही खरे आहे.