फासेलिसच्या भावांचे बुडालेले जहाज

जहाज फुटले, त्यावरचा माल समुद्रात गेला, तेव्हा आता आमच्याकडे पैसे मागू नका. असा दावा लाक्रिटस नावाच्या एका वक्तृत्वशिक्षकाने इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला अथेन्समध्ये केला. त्याला उत्तर म्हणून सावकार अँड्रोक्लीस याने न्यायालयात केलेले भाषण विख्यात वक्ता डेमोस्थेनीसच्या भाषणसंग्रहात 35 व्या क्रमांकावर आहे. ते खुद्द डेमोस्थेनीसनेच लिहून दिले का, यावर विद्वानांत एकमत नाही. आपल्या कामाच्या दृष्टीने तो वाद गौण आहे. महत्त्वाचे हे की, या भाषणात कर्जाचा करारनामा अथपासून इतिपर्यंत उतरवलेला आहे आणि साक्षीदारांच्या जबान्याही आहेत. अभिजात ग्रीसमधल्या समुद्री कर्जाचा पूर्ण मजकूर असलेला एवढा एकच करार आज हाती आहे.

मूळ कागद अर्थातच उरलेला नाही. आपण वाचतो ती मध्ययुगीन हस्तलिखितांतून आलेली नक्कल. अशा भाषणांत मध्येच येणारे दस्तऐवज मागाहून कोणी रचून घातले असावेत, असा संशय एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांना होता, आणि काही भाषणांबाबत तो रास्तही होता. या कराराला मात्र आता बहुतेक अभ्यासक अस्सल मानतात. मलाही ते पटते, कारण करारात अशी कलमे आहेत ज्यांचा अँड्रोक्लीसच्या बाजूला काडीचा उपयोग नाही. जहाज काळ्या समुद्रात न शिरता हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीतच थांबले तर काय करायचे, याचे एक लांबलचक कलम आहे. भाषणात त्याचा वापर कुठेच नाही. बनावट कागद करणारा माणूस फुकटची मेहनत घेत नाही.

त्या काळी आजच्यासारखा विमा नव्हता. हप्ता आधी, भरपाई मागून, ही पद्धत फार नंतरची. तेव्हा उलटे होते: सावकार पैसे आधीच देई आणि जहाज बुडाले तर ते त्याचे बुडाले. म्हणून व्याज जबर असे, आणि त्या व्याजात जोखमीची किंमत धरलेली असे. ही रीत एकट्या ग्रीकांची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेकडा सव्वा पण हे धर्म्य मासिक व्याज, तर समुद्रावर जाणाऱ्यासाठी शेकडा वीस पण सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही समुद्रगामींचा दर वीसच आहे. मलबारच्या मुझिरिस बंदराशी चाललेल्या व्यापारातल्या कर्जाचा दुसऱ्या शतकातला एक पपायरस व्हिएन्नात आहे; त्याच्या पाठीवर ‘हर्मापोलॉन’ या जहाजावरच्या मालाची किंमत मांडली आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अलीकडच्या काळापर्यंत जोखमी हुंडी चाले: माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे. अँड्रोक्लीस काय धंदा करीत होता, हे मांडवीच्या जुन्या पेढीवाल्याला समजावून सांगावे लागले नसते.

आता करार. पैसे देणारे दोघे: अथेन्सच्या स्फेटस भागातला अँड्रोक्लीस आणि कॅरिस्टसचा नॉसिक्रेटीस. घेणारेही दोघे: आर्टेमॉन आणि अपोलोडोरस, दोघे लाक्रिटसचे भाऊ, राहणार फासेलिस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताल्याजवळचे. रक्कम 3000 द्राख्मा. इ.स.पू. 329 च्या एल्युसिसच्या बांधकाम हिशोबात साध्या मजुराचा रोज दीड द्राख्मा आहे, त्यावरून ही रक्कम म्हणजे एका मजुराची 2000 दिवसांची कमाई. सफर अशी: अथेन्सहून उत्तर ग्रीसमधल्या मेंदे किंवा स्किओने इथे जायचे, तिथली दारू भरायची, ती काळ्या समुद्रापलीकडे क्रिमियाच्या बाजूला नेऊन विकायची आणि परतीचा माल घेऊन त्याच जहाजाने अथेन्सला यायचे. तारण म्हणून मेंदेच्या दारूचे 3000 रांजण. जहाज वीस वल्ह्यांचे, नाखवा हिब्लेसियस.

व्याज हजारी 225. पण परतताना स्वातीचा तारा पहाटे उगवू लागल्यानंतर काळ्या समुद्रातून निघाले, तर हजारी 300. ग्रीसमध्ये तो उदय सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास होई आणि तिथून पुढे समुद्र बिघडतो हे प्रत्येक खलाशी जाणत होता. नारळी पौर्णिमेआधी होडी लोटू नये, हे कोकणात पोरासोरांना ठाऊक असते. इथे तेच ज्ञान आकड्यांत उतरले आहे. 3000 वर वेळेत आल्यास 675 द्राख्मा व्याज, उशीर झाल्यास 900. म्हणजे 225 द्राख्मा ही वादळाच्या मोसमाची जादा किंमत.

सूट कशाची, तेही स्पष्ट आहे. जहाज वाचवण्यासाठी जहाजावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवून काही माल समुद्रात टाकला, किंवा शत्रूला पैसे द्यावे लागले, तर तेवढे वजा. बाकी कसलीही वजावट नाही. माल सुखरूप पोचला तर वीस दिवसांत पैसे. जहाजाचे भरून न येणारे नुकसान झाले आणि तारणाचा माल वाचला, तर वाचलेल्या मालावर सावकारांचा सामाईक हक्क. याच मालावर दुसरे कर्ज काढायचे नाही. या कराराहून वरचढ काहीही नाही. तीन साक्षीदार, आणि कागद आर्केनोमिडीस नावाच्या तिऱ्हाईताकडे ठेवलेला. भारताच्या 1963 च्या सागरी विमा कायद्यात सामाईक त्यागाची तरतूद आहे आणि परम सद्भावाचीही. ती कलमे वाचताना हा करार आठवल्याशिवाय राहत नाही.

अँड्रोक्लीसने पैसे कशाच्या भरवशावर दिले, हेही भाषणात येते. उरलेले 3000 द्राख्मा आपले स्वतःचे घालू, म्हणजे दारू एकूण 6000 द्राख्मांची होईल, असे भाऊ म्हणाले होते. म्हणजे तारणाच्या निम्मे कर्ज, रांजणामागे दोन द्राख्मा किंमत. शिवाय लाक्रिटसने सांगितले की, मी वक्तृत्वगुरू आयसोक्रेटीसचा शिष्य आहे, भाऊ धाकटे आहेत, काळजी माझ्यावर सोडा. करार त्यानेच लिहून काढला आणि मोहोर लावताना तोही होता, असे अँड्रोक्लीस म्हणतो.

मेंदेला काय घडले, ते जहाजावरच्याच माणसांच्या जबान्यांतून कळते. सुकाणू धरणारा एरासिक्लीस सांगतो, अपोलोडोरसने दारूचे 450 रांजण चढवले, त्याहून जास्त नाहीत. जहाजावरचा कारभारी, हालिकार्नाससचा हिप्पियास, हाच आकडा देतो. भावांनी सांगितलेल्या दराने 450 रांजण म्हणजे 900 द्राख्मा. कबूल केलेल्या तारणाचा हा पंधरा टक्के भाग.

एवढ्यावर भागले नाही. अराटस नावाच्या आणखी एका माणसाची जबानी आहे: त्याने याच अपोलोडोरसला याच जहाजावरच्या मालावर 11 मिना, म्हणजे 1100 द्राख्मा दिले होते. अँड्रोक्लीसचे कर्ज आधीच आहे हे माहीत असते तर दिले नसते, असे तो सांगतो. बेरीज 4100 द्राख्मा कर्ज, 900 द्राख्मांची दारू. असा हिशोब असेल तर जहाज बुडण्यात कोणाचे भले होते, हे उघड आहे. ही नुसती शंका नव्हे. याच संग्रहातल्या 32 व्या भाषणात मासालियाचा हेगेस्ट्राटस नावाचा नाखवा आहे. मालावर कर्जे काढून पैसे घरी पाठवल्यावर तो रात्री भर समुद्रात स्वतःच्याच जहाजाच्या तळाला भोक पाडायला उतरला, सापडला, पळताना बाजूच्या होडीत उडी मारली ती चुकली आणि बुडून मेला. जहाज वाचले.

हिब्लेसियसचे जहाज मात्र खरोखर फुटले. कोणी मुद्दाम फोडले असा आरोप अँड्रोक्लीस करत नाही, आणि वादळ किती मोठे होते यावर एक वाक्यही खर्च करत नाही. मला या खटल्यात सर्वांत बोलकी वाटते ती हीच गोष्ट. त्याचा सगळा रोख एकाच प्रश्नावर आहे: फुटले तेव्हा त्यावर होते काय?

लाक्रिटसचे म्हणणे असे की, क्रिमियातल्या पँटिकापेअमहून थिओडोसियाकडे किनाऱ्याने जाताना जहाज बुडाले. त्यावर खारवलेली मासळी, कोस बेटाची दारू आणि इतर वस्तू होत्या. हाच आमचा परतीचा माल, तो अथेन्सला येणार होता. उत्तरादाखल तीन जबान्या. जहाजात हिब्लेसियसचा भागीदार असलेल्या अपोलोनिडीसचे गुलाम अपघाताच्या वेळी जहाजावर होते. त्यांनी त्याला कळवले की जहाज रिकामेच चालले होते. एरासिक्लीसही रिकामे म्हणतो, फक्त थिओडोसियाच्या कोणाचे तरी कोसच्या दारूचे सुमारे 80 रांजण होते. हिप्पियास मोजून सांगतो: अपोलोडोरसची लोकरीची एक-दोन गाठोडी, खारवलेल्या मासळीचे अकरा-बारा रांजण, बकऱ्याच्या कातड्यांचे दोन-तीन गठ्ठे. बाकी काही नाही.

यावर अँड्रोक्लीसने केलेला युक्तिवाद बाजारपेठेत उभ्या असलेल्या माणसाचा आहे. काळ्या समुद्रातून अथेन्सला दारू कोणी आणतो का? दारू आपल्याकडून तिकडे जाते: पेपारेथसची, कोसची, थासोसची, मेंदेची. तिकडून येते ते वेगळेच. मग परतीच्या मालात कोसची दारू कशी? त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती आंबून गेलेली होती आणि मासळीसकट एका शेतमालकाच्या मजुरांसाठी चालली होती. दारू खरेच आंबली होती का, हे पारखायला आता मार्ग नाही. इथे वक्त्याने थोडी फोडणी घातली असेल. मासळी कोणाची, याबद्दलही त्याचे म्हणणे आणि हिप्पियासची जबानी नीट जुळत नाहीत. पण मालाच्या दिशेचा मुद्दा भक्कम आहे.

त्याआधीची एक नोंद मला याहूनही वजनदार वाटते. परतल्यावर ही मंडळी अथेन्सच्या पिरेअस या व्यापारी बंदरात आली नाहीत. हद्दीबाहेर ज्याला ‘चोरांचे बंदर’ म्हणत, तिथे नांगर टाकला आणि ज्या जहाजाने आली ते पंचवीस दिवसांहून जास्त काळ तिथेच ठेवले. स्वतः रोज बाजारात हिंडत होती, पैसे देतो म्हणत होती. सावकार पाहत राहिले की माल उतरतो का, जकात भरली जाते का. अथेन्समध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर पन्नासावा हिस्सा जकात असे. काहीच उतरले नाही, काहीच भरले नाही. तगादा वाढल्यावर कुठे उत्तर आले की सगळे बुडाले. बुडाले ते क्रिमियात, आणि हे सांगायला पंचवीस दिवस लागले!

यात आपण ऐकतो ती एकच बाजू, हे विसरता येत नाही. लाक्रिटसचे भाषण उरलेले नाही. त्याचे म्हणणे प्रतिपक्षाच्या तोंडून येते. शिवाय अँड्रोक्लीसची सुरुवातच हलकी आहे: फासेलिसचे सगळे लोक ठकच, अशा थाटाची. परक्या गावच्या माणसाविरुद्ध पंचांची मने तापवण्याचा तो प्रकार. म्हणून त्याची विशेषणे सोडून द्यावीत आणि जबान्यांवरच विसंबावे. त्या बहुतेक जहाजावरच्या माणसांच्या आहेत, आणि भाऊ जिंकले किंवा हरले तरी त्या माणसांच्या पदरात काही पडणार होते, असे दिसत नाही.

लाक्रिटसने न्यायालयात उचललेला मुद्दा तर वादळाचा नव्हताच. आर्टेमॉन दरम्यान वारला होता. लाक्रिटसचे म्हणणे: करार माझ्याशी नाही, भावाचा वारसा मी सोडला आहे, तेव्हा हा दावा माझ्यावर चालतच नाही. मालाबद्दलच्या एकाही प्रश्नाला उत्तर न देता सुटण्याची ही वाट, आणि ती निवडणाऱ्याजवळ मालाचा हिशोब नसावा असा अंदाज बांधायला हरकत नाही.

खटल्याचा निकाल कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नाही. पुढे आलेल्या कागदांवर मी पंच म्हणून बसलो असतो तर मत अँड्रोक्लीसलाच दिले असते. जहाज फुटले हे मान्य, पण तारणाचा माल त्यावर कधी चढलाच नव्हता. मात्र त्यालाही एक प्रश्न विचारला असता: 3000 द्राख्मा मोजून देणाऱ्याने मेंदेच्या धक्क्यावर रांजण मोजायला एक माणूस का पाठवला नाही?